कामाचा रविवार

४ मार्च, सोमवार

भाऊराया,

आशीर्वाद आधीच लिहून टाकते. पत्राच्या शेवटापर्यंत ते शिल्लक राहतील याची खात्री नाही. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, वाचल्याच्या खुणा मला दिसतात, आणि मग मूग गिळून बसतोस. म्हणून पत्र. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

तुझी लेक ठणठणीत आहे. उंची वाढली, जीभ त्याहून वाढली. अजूनही जेवताना, अंघोळ करताना, गणितं सोडवताना गुणगुणत असते. अख्खी शाळा तिला भुंगीच म्हणते. नाव तू ठेवलंस, निस्तरते मी.

आता मुद्द्याचं. काल चौथीच्या पालकांची सभा होती. या शाळेत प्राथमिक संपली की मुलांना निरोप देतात, आणि तो नुसत्या भाषणावर भागवत नाहीत. बस करून तळ्यावर नेतात, नावेत बसवतात, जेवण असतं, सगळ्यांना नाव छापलेला एकसारखा शर्ट असतो, आणि शेवटी मोठा फोटो. त्याला पैसा लागतो. बाकी सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही. पूर्वी वर्गणी काढायचे. मग नेमका त्याच दिवशी वर्गातल्या काही पोरांना ताप यायचा. ताप कसला, घरात वर्गणी नसायची. नंतर एका वर्षी फर्निचरवाला एक बाप उभा राहिला आणि म्हणाला, सगळा खर्च माझा. सगळे खूश. तळ्यावर फोटोच्या वेळी बघतात तर पोरांच्या मागे हा भला मोठा फलक, सोफ्यावर भरघोस सूट! आयांनी तो फोटो वरून कात्रीने कापून फ्रेम केला म्हणे.

तेव्हापासून मोठ्या बाईंनी नियमच केला, रोख एक पैसा घ्यायचा नाही. प्रत्येक घरातून एक माणूस एक रविवार शाळेच्या अंगणात येईल आणि आपलं काम मांडून बसेल. कुणी दात तपासेल, कुणी गाड्या धुवेल, कुणी लोकांचे अर्ज भरून देईल. आसपासच्या लोकांनी यायचं, काम करून घ्यायचं आणि त्याचे पैसे डब्यात टाकायचे. डबा सगळ्यांचा एकच. कुणाचे किती, ते कुणी विचारायचं नाही. याला म्हणतात कामाचा रविवार. यंदा तो ३१ मार्चला आहे.

मी अर्थातच केस कापणार होते. दुसरं येतं काय मला? माझी पाळी आली, मी तोंड उघडणार, तोच शेजारी बसलेली भुंगी ताडकन उभी राहिली. म्हणाली, "आमच्याकडून माझे बाबा येणार आहेत. ते पंखे, मिक्सर, इस्त्र्या, काहीही दुरुस्त करतात."

मी तिच्याकडे बघतच राहिले. दातांच्या डॉक्टरीणबाई पालक गटाच्या अध्यक्ष आहेत, त्यांनी टाळीच वाजवली. "वा! दुरुस्तीवाला तर आजवर आपल्याला मिळालाच नव्हता!" सगळ्यांनी माना वळवून आमच्याकडे पाहिलं. भुंगीचे कान लाल झाले होते, आनंदाने. अशा वेळी तिच्या तोंडावर "तो काही यायचा नाही" म्हणायची माझी छाती झाली नाही. तुझी झाली असती का? मग ये.

तुझी बायको वारली तेव्हा पोर माझ्या ओटीत टाकून तू म्हणाला होतास, "ताई, प्राथमिक संपेपर्यंत सांभाळ, मग नेतो." त्याबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही. ते पुढचं पुढे बघू. ३१ तारखेला एक दिवस ये एवढंच म्हणते आहे.

तुझी ताई


१३ मार्च, बुधवार

भाऊराया,

तुझं उत्तर नाही. तुझ्या नावाने मात्र सामान यायला लागलं आहे.

झालं असं, की डॉक्टरीणबाईंनी शाळेच्या फाटकावर फलक लावला. "नादुरुस्त वस्तू आधीच आणून द्या, म्हणजे सुटे भाग मागवता येतील." हुशार बाई. आणि पत्ता कुणाचा? माझा! पहिल्या संध्याकाळी एक पंखा आला. दुसऱ्या दिवशी दोन मिक्सर आणि एक इस्त्री. आता दारातून आत यायचं तर कडेकडेने यावं लागतं. माझ्या पलंगाखाली हीटर आहेत. न्हाणीघराच्या दारात एक कपडे धुवायचं मशीन उभं आहे, त्याला नमस्कार केल्याशिवाय आत जाता येत नाही. कोपऱ्यावरची बाई इस्त्री घेऊन आली, मी लावून बघितली तर ती चांगली कडकडीत तापते! तिला फक्त बघायचं होतं, तू खरंच येणार आहेस का. मी म्हटलं, "येणार तर! आणि तुमची इस्त्री आधी घेणार." काय करू? खोटं बोलायला लागलं की ते उतारावरून धावल्यासारखं होतं, मध्ये थांबता येत नाही.

भुंगीने प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधली आहे. "घरघर करतो." "मध्येच रुसतो." "शॉक देतो, सावध." एका जुन्या टेबलफॅनला लिहिलंय, "हा बाबांना सोपा जाईल." तुझी हत्यारांची पेटी माळ्यावरून तिनेच उतरवली. सगळे स्क्रूड्रायव्हर आणि पाने माझ्या केसांच्या तेलाने पुसून लख्ख केले. मी ओरडले, "अगं ए, महागाचं तेल आहे ते!" तर म्हणते, "बाबांना गंजलेलं आवडत नाही." तुला काय आवडतं नि काय नाही, याची तिच्याकडे इतकी माहिती आहे, आणि त्यातली निम्मी मला वाटतं तिने स्वतःच बनवली आहे.

पार्लरमध्ये बरं चाललंय. दिवसभर लोकांच्या डोक्यांवरून हात फिरवते. गिऱ्हाइकं डोळे मिटून आपापल्या सुना, नवरे, मुलं सगळं ओतून मोकळी होतात आणि आरशात मान वाकडी करून निघून जातात. माझे केस कोण कापतं विचार. तुझी लेक. एकदा हट्टाने कात्री मागितली तिने, तेव्हापासून तिचाच हक्क. मागून वाकडे येतात. पार्लरमधल्या पोरी हसतात, "ताई, सरळ करून देऊ का?" मी करू देत नाही.

ती गेली की मी पुन्हा सरळ कापून घेईन. मला काय, सुटेनच मी. पलंगावर आडवीतिडवी झोपेन, भाजीत हवं तेवढं तिखट घालेन, आणि घरात ते गुणगुणणं नाही म्हणून माझं डोकं शांत राहील. तेव्हा माझा विचार करून तू येत नसशील, तर तो विचार करू नकोस.

ये. निदान "येतो" एवढं लिही.

ताई


२१ मार्च, गुरुवार

तुझं पाकीट मिळालं.

आत नोटा, आणि नोटांना गुंडाळलेला कागद. "ताई, यंदा जमणार नाही. हे समारंभासाठी दे. कुणी विचारलं तर माझ्याकडून म्हणून सांग." एवढंच. लेकीसाठी एक ओळ नाही. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय काही गेली नाही.

माझं पहिलं पत्र नीट वाचलं असतंस तर कळलं असतं, की इथे रोख चालत नाही. ती शाळा आहे, वीजबिलाची खिडकी नव्हे. तुझ्याकडून माणूस हवा आहे, रक्कम नाही. त्या फर्निचरवाल्याने निदान येऊन फलक तरी धरला होता! नोटा होत्या तशा पाकिटात घालून परत पाठवते आहे.

आता जे लिहिणार आहे ते तुला लिहायला नको, पण दुसरं आहे कोण मला?

"जमणार नाही" हे वाचलं तेव्हा मी जिन्यात उभी होते. मला काय झालं माहीत आहे? मला हायसं वाटलं. अगदी खरं सांगते, पाय हलके झाले माझे. हा येत नाही म्हणजे नेतही नाही. म्हणजे पुढच्या वर्षीही सकाळी दप्तर, डबा, एक मोजा सापडत नाही म्हणून आरडाओरडा, सगळं तसंच. मी वर गेले आणि चांगली दोन घास जास्त जेवले. आणि समोर ती बसली होती. पंख्याच्या जाळीवरची धूळ जुन्या ब्रशने काढत विचारत होती, "आत्या, बाबा शनिवारी रात्रीच्या गाडीने येतील की रविवारी सकाळच्या?"

हातातला घास मी ताटात परत ठेवला. लाज वाटली मला. पोरीचं ज्यात नुकसान त्यात मला आनंद झाला होता.

तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, कारण मी तुला पुन्हा विचारते आहे. घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळतं. तिचा चेहरा दिवसेंदिवस आईसारखा होत चाललाय, आणि ते बघायची तुला भीती वाटते. वाटू दे. भीत भीत ये. इथे आल्यावर पंख्याकडे बघ, मिक्सरकडे बघ, तिच्याकडे नंतर बघ. पण ये. नेणार असशील तर ने. मी आडवी येणार नाही, हे मी शाईने लिहून देते आहे.

ताई


३१ मार्च, रविवार

तू आला नाहीस.

सकाळी शाळेच्या अंगणात तुझ्यासाठी टेबल मांडलं होतं, वर्गातलंच, खडूने खरडलेलं. त्यावर तुझी पेटी. शेजारी माझी खुर्ची. "बाबा येईपर्यंत तूही बस, आत्या," असं भुंगीनेच ठरवलं. मी केस कापत राहिले. ती टेबलामागे उभी राहून लोकांना सांगत होती, "गाडीला उशीर झालाय. दुपारपर्यंत येतील." इतकं नीट सांगत होती, की दोघातिघांनी तुझ्या गाडीला शिव्या घातल्या.

दुपारी डॉक्टरीणबाई हातमोजे काढत माझ्याजवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "वस्तू परत करूया का?" मी म्हटलं, "आज नको. तिच्यासमोर नको." त्या समजल्या. बाकीच्यांचं काम जोरात चाललं होतं. बसड्रायव्हर बापाकडे गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. पोस्टातल्या आईने अर्ज लिहून लिहून बोटं काळी केली होती. डबा वाजत होता. सगळ्यांची पोरं आपापल्या माणसापाशी उगीच लुडबुडत होती, पाणी दे, कापड दे.

भुंगीला लुडबुड करायला कुणी नव्हतं, तरी ती माझ्याकडे आली नाही. टेबल सोडलंच नाही तिने. चार वाजता माणसं पांगली, तेव्हा तिने स्क्रूड्रायव्हर लहानमोठे लावून पेटीत ठेवले आणि कडी घातली. रडली नाही. रडली असती तर मी तुला हे पत्र लिहिलं नसतं. घरी येताना मला म्हणाली, "आत्या, बाबांना तुझा पत्ता तोच आहे हे माहीत आहे ना?"

आज दिवसभर ती गुणगुणलेली नाही.

आता येऊ नकोस. तुझ्या वाटेकडे लावायला तिच्याकडे आणखी डोळे नाहीत. तिला मी वाढवीन. माझी आहे ती, असं समजेन. तूही समज.


६ मे, सोमवार

भाऊराया,

सोमवार म्हणजे पार्लर बंद. घरात बसवत नाही म्हणून लिहायला घेतलं. कागद पुढे ओढला आणि लक्षात आलं, मागच्या पत्राबद्दल आपण दोघं एक अक्षर बोललो नाही. ते तुझ्या दारात पडलं तेव्हा तू माझ्या दारात उभा होतास. परत गेल्यावर वाचलं असशीलच. लिहिलेलं खरं होतं तेव्हा. माफी मागत नाही.

तू इथे इतके दिवस होतास, पण तुला अर्धंच दिसलं. पाठ माझ्याकडे आणि डोकं मिक्सरमध्ये. म्हणून जे तुला दिसलं नाही ते लिहिते.

तू आलास त्या बुधवारी दार उघडताना मी हातात चिठ्ठ्या धरल्या होत्या. वस्तू ज्याच्या त्याला परत करायला निघाले होते. तू म्हणालास, "ताई, शनिवारीच निघालो होतो. अर्ध्या वाटेत उतरलो. स्टेशनवरच बसून राहिलो, पुढे पाय टाकवेना, मागेही." तुझी दाढी वाढली होती, शर्टाची कॉलर काळी झाली होती. तुझ्यासाठी मी ठेवणीतल्या शिव्या काढून ठेवल्या होत्या रे. सगळ्या गिळल्या आणि म्हटलं, "चपला बाहेर काढ, फरशी पुसली आहे."

भुंगी शाळेतून आली. तुला वाटलं होतं पळत येऊन बिलगेल. मलाही. ती दारात उभी राहून तुझ्याकडे बघत राहिली, मग दप्तर ठेवलं, तू ज्या हीटरला हात लावणार होतास त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, हा शॉक देतो. जपून." आणि टॉर्च आणून तुझ्याजवळ बसली. मी आत जाऊन नळ मोठा सोडला.

मग तुमचं सुरू झालं. "पाना दे." "हं." "इकडे धर." "हं." सगळं संभाषण एवढंच. मी भाजी चिरत ऐकत होते. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती गुणगुणायला लागली. काम करताना तिला राहवतच नाही. आणि तूही लागलास. तुला कळलंसुद्धा नसेल. ती अर्धी ओळ म्हणायची आणि सोडायची, तू पुढची अर्धी म्हणायचास, तोंडात स्क्रू धरून, नाकातून. ही खोड तिने कुठून उचलली ते मी पार विसरून गेले होते. माझ्या घरात ती इतकी वर्षं गुणगुणत आली, पण ओळ पुरी करणारं कुणी नव्हतं. मला सूर नाही, तुला ठाऊक आहे. मी फक्त "गप बस गं" म्हणायची. त्या दुपारी मी सुरी खाली ठेवली आणि कळलं, ही जाणार. मी अडवली नाही तर जाणार, आणि मी अडवायची नाही.

डॉक्टरीणबाईंनी आपला हिशोब लावला. म्हणाल्या, "नियम हात लागण्याचा आहे, रविवारचा नाही." डबा शाळेतून आणून माझ्या दाराशी ठेवला. लोक येत, पंखा फिरवून बघत, डब्यात टाकत, जात. त्या कोपऱ्यावरच्या बाईनेही टाकले, तिची चांगली इस्त्री तू उघडून पुन्हा बंद केलीस म्हणून. घर रोज थोडं थोडं रिकामं होत होतं. सगळे म्हणत, "आता बरं वाटत असेल ना, जागा झाली." मी म्हणे, "तर काय!"

तळ्यावरचा दिवस तुला आठवत असेल. कुणाला ताप आला नव्हता, सगळी पोरं होती, मी मोजली नाहीत पण मोठ्या बाई सारख्या तेच म्हणत होत्या. शर्ट एका मापाचे आल्यामुळे निम्मी पोरं गुडघ्यापर्यंत शर्टात. नावेत भुंगी तुझ्या शेजारी बसली, माझ्या नावेतून मला तुमच्या पाठी दिसत होत्या. मग फोटो. फोटोवाला बाप ओरडला, "मुलं पुढे बसा! ज्याने काम केलं त्याने आपापल्या मुलामागे उभं राहा, एका मुलामागे एकच माणूस!" मी केस कापले होते, तू वस्तू दुरुस्त केल्या होत्यास. तू माझ्याकडे बघितलंस आणि एक पाऊल मागे गेलास. मी तुझ्याकडे बघितलं आणि मीही मागे झाले. तेवढ्यात त्याने फोटो काढला.

फोटो परवा शाळेने पाठवला. सगळ्या पोरांच्या मागे माणूस आहे. भुंगीच्या मागे तळं आहे.

तुझी प्रत यासोबत पाठवते. तिला दाखव की नको ते तू ठरव. मला ठरवता येत नाही.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. दुसऱ्या दिवशी जेवताना तू तिला विचारलंस, "येतेस माझ्याबरोबर? तिथली शाळा बघून ठेवली आहे." बरं केलंस, सरळ विचारलंस. ती माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "आत्या म्हणेल तसं." माझ्यावर ढकललं रे तिने! मी ताटातच बघत म्हटलं, "जा की. मला एकदाचं घर तरी मोकळं मिळेल." हसूनच म्हटलं. रोज आमची अशीच थट्टा चालते. मी म्हणते कार्टे, घर सोड, ती म्हणते, तू सोड. पण त्या दिवशी ती उलट बोलली नाही. उठून हात धुवायला गेली, आणि निघेपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलली. शेवटच्या सकाळी वेणी घालू दिली नाही. "मला येते," म्हणाली. येत नाही तिला, भांग वाकडा होता. बस हलली तेव्हा मी ज्या बाजूला उभी होते त्या खिडकीतून उठून ती पलीकडे जाऊन बसली. तू सामान वर ठेवत होतास, तुला दिसलं नाही.

तर तिला सांग. मी खोटं बोलले. मला घर मोकळं नको होतं. मी घरी येते, किल्ली फिरवते आणि आतून काही आवाज येत नाही, तेव्हा क्षणभर वाटतं चुकीच्या मजल्यावर आले. दोन ताटं काढते, एक परत ठेवते. काल पार्लरमध्ये तिच्या वयाची एक पोर खुर्चीत बसली, मानेवर हात ठेवला आणि मला कात्री धरवेना. शेजारच्या खुर्चीवालीला म्हटलं, तू घे बाई हिला. लोकांना वाटलं माझी तब्येत बरी नाही. तब्येत चांगली आहे, मी एकटी आहे.

तिला सांगशील ना? तुझ्या पद्धतीने नको, "हं" करून. शब्दांनी सांग. आणि तिचा डावा कान दुखतो तेव्हा ती सांगत नाही, नुसती त्या कुशीवर झोपते. लक्ष ठेव.

ताई


१९ मे, रविवार

भुंगे,

हे पत्र तुला आहे. बाबांनी फोडलं तर त्यांना म्हण, पाकिटावर नाव कुणाचं आहे ते वाचायला शिका.

तुझं कार्ड काल आलं. पत्ता झोकात लिहिलास, आणि मजकूर एकच ओळ. "आत्या, तू मला थांब का नाही म्हणालीस?" खाली नाव नाही. मला असं विचारणाऱ्या दहा जणी आहेत का गं इथे?

बाबांनी तुला सगळं सांगितलं असं त्यांचंही पत्र आलं आहे. चांगलं दोन पानी! त्यांना इतकं लिहिता येतं हे मला ठाऊक नव्हतं. ते लिहितात, तू ऐकून घेतलंस आणि काही बोलली नाहीस. आणि मग हे कार्ड टाकलंस. बाबांच्या सांगण्याने तुझं समाधान झालेलं नाही. बरोबर आहे. विचारलं मला आहेस, उत्तर मीच द्यायला हवं.

काल दुपारपासून लिहिते आहे आणि फाडते आहे. मोठी माणसं अशा वेळी म्हणतात, तुझ्या भल्यासाठी. ते मीही लिहिलं आणि फाडलं. तुझं भलं कशात आहे हे मला कुठे कळतं? मग लिहिलं, बाबांना तुझी गरज होती. तेही फाडलं. बाबांचं ओझं तुझ्या डोक्यावर कशाला? गरज तर मलाही होती. आहे.

माझ्यावर रागावलीस त्याचा मला राग नाही. खरं सांगू? बरंच वाटलं. जिच्यावाचून काही अडत नाही तिच्यावर कोण रागावतं? खिडकी बदललीस ते मी पाहिलं, आणि बस वळेपर्यंत हात हलवत राहिले. रिकाम्या खिडकीलाच. शेजारच्या गाड्यावरच्या माणसाला वाटलं मी त्यालाच बोलावते आहे. आला बिचारा!

नवीन शाळेत तुला भुंगी म्हणतात का अजून, ते कळव. नसतील म्हणत तर सांगायला जाऊ नकोस, आपोआप म्हणतील. वेणी नीट जमत नसेल तर केस आखूड कापून घे, पण बाबांच्या हातून नको. त्यांच्या हातात पकड शोभते. पहिली सुट्टी लागली की ये. राग गेला नसेल तर रागातच ये, जेवायला घालीन तरीही.

आता तुझं उत्तर. कितीदा फिरवलं तरी ते एवढंच उरतं. मी थांब म्हटलं असतं तर तू थांबली असतीस, भुंगे. मला माहीत होतं. म्हणून नाही म्हटलं.

आत्या